कनेक्शन बदलतंय? राउटर घेण्याआधी भिंतीतली वायर बघा

ब्रॉडबँड कंपनी बदलायची ठरली की पहिली चूक ऑनलाइन दुकानातच होते. सर्चमध्ये ‘मोडेम राउटर’ लिहिलं जातं, समोर आलेल्या यादीतला चार अँटेनांचा, भरपूर स्टारचा राउटर मागवला जातो आणि लाइन जोडायला आलेला मुलगा सांगतो, “साहेब, हा आपल्या लाइनला चालत नाही.” दुकानदाराने फसवलेलं नसतं. ‘मोडेम’ हा शब्द आपण तीन-चार वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरतो आणि त्यांतली एकच आपल्या वायरीला चालते, एवढंच.

दर दोन-तीन वर्षांनी घर किंवा कंपनी बदलत असाल, तर लाइनचा सिग्नल घेणारी कंपनीची पेटी कंपनीची राहू द्या आणि घरभर वायफाय देणारा राउटर स्वतःचा, वेगळा घ्या. लाइन बदलली की फक्त पुढची पेटी बदलते. वायफायचं नाव, पासवर्ड, टीव्ही, कॅमेरे, प्रिंटर सगळं आहे तसं राहतं. ‘सगळं एकात’ असलेला महागडा डबा घेतला, तर पुढच्या कंपनीकडे तो कपाटात जातो.

१. घरात येणारी वायर ओळखा

दरवाज्याजवळ किंवा खिडकीतून आत येणाऱ्या वायरीचं टोक बघा. नवी लाइन अजून आली नसेल तर शेजाऱ्याकडची बघा. इमारतीत सहसा एकाच प्रकारची असते.

*पातळ वायर, टोकाला हिरवा चौकोनी प्लास्टिकचा कनेक्टर:* हे फायबर. शहरात आणि आता तालुक्याच्या गावीही नवी लाइन बहुतेक हीच. हिला ओएनटी लागते. ओएनटी म्हणजे प्रकाशाचा सिग्नल घेऊन लॅन पोर्टवर, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत, देणारी पेटी. काही कंपन्या हिला ओएनयू म्हणतात, घरोघरी ‘मोडेम’च म्हणतात. फायबर थेट साध्या राउटरला लागत नाही.

*जाड निळी, करडी किंवा काळी वायर, टोकाला आठ तारांची पारदर्शक क्लिप:* ही लॅन केबल. स्थानिक केबलवाले जिन्यात किंवा गच्चीवर स्विच (एका लाइनचे अनेक फाटे करणारी पेटी) बसवून तिथून घरोघरी सोडतात. हिला मोडेम लागतच नाही. थेट राउटरच्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या खाचेला, जाते.

*टेलिफोनची दोन तारांची जोडी, अरुंद क्लिप:* एडीएसएल. हिचा एडीएसएल २+ हा प्रकार कागदावर जास्तीत जास्त २४ एमबीपीएस देतो आणि एक्सचेंजपासूनचं अंतर वाढलं की वेग कोसळतो. अशी लाइन सोडून फायबरला जात असाल तर जुन्या मोडेमचा मोह सोडा. त्याचं इंटरनेटचं तोंड टेलिफोनच्या तारेसाठी आहे.

*टीव्हीच्या केबलसारखी गोल वायर, मध्ये एक तांब्याची तार:* केबल मोडेमची लाइन. डॉक्सिस मोडेम लागतो आणि तो कंपनीच देते. अमेरिकेतून परत येणारे बरेच जण तिथला स्वतःचा केबल मोडेम सामानात भरून आणतात. इथे फायबर आलं तर त्याचा उपयोग शून्य. तिथला राउटर मात्र चालतो, फक्त ॲडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलंय ना, ते बघा. नुसतं १२० असेल तर इथल्या सॉकेटमध्ये घालू नका.

*वायर नाहीच, गच्चीवर किंवा खिडकीबाहेर पांढरी पेटी:* ५जी वरची एअरफायबर सेवा. बाहेरच्या पेटीतून लॅन केबल आत येते, तीच केबल त्या पेटीला वीजही पुरवते. ही केबल स्वतःच्या राउटरला लावायची नाही. ती कंपनीच्या आतल्या पेटीलाच राहू द्या आणि तुमचा राउटर त्या पेटीच्या लॅन पोर्टमागे जोडा.

राउटर निवडताना एवढं लक्षात ठेवा की पहिल्या प्रकारात ओएनटीमागे, दुसऱ्यात थेट, चौथ्यात मोडेममागे आणि पाचव्यात आतल्या पेटीमागे, सगळीकडे राउटरला लागते ती लॅन केबलच. म्हणजे घ्यायचा तो ‘इथरनेट वॅन पोर्ट असलेला वायफाय राउटर’. नावात ‘एडीएसएल’, ‘व्हीडीएसएल’ (दोन्ही टेलिफोनच्या तारेसाठी) किंवा ‘एक्सपॉन’ (फायबरसाठी) असलेलं काहीही घेण्याआधी दोनदा विचार करा.

२. कंपनीला फोन करून हे विचारा

विक्री करणाऱ्या माणसाला यातलं फारसं माहीत नसतं. लाइन जोडणाऱ्याचा नंबर मागून घ्या आणि त्याला विचारा.

– ओएनटी तुम्ही देणार की मी घ्यायची? तुमची असेल तर भाड्याने, अनामत घेऊन की विकत?
– लॉगिन कसं? पीपीपीओई म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकायचा, डीएचसीपी म्हणजे वायर लावली की चालू, की स्टॅटिक आयपी, म्हणजे कायम एकच राहणारा इंटरनेटचा पत्ता?
– ओएनटी ब्रिज मोडमध्ये करून द्याल का, म्हणजे ती नुसता सिग्नल पुढे देईल आणि लॉगिन माझा राउटर करेल?
– राउटरचा मॅक नंबर (उपकरणाचा ओळख क्रमांक) तुमच्याकडे बांधलेला असतो का? बदलला तर कोणाला सांगायचं?
– लँडलाइन आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स तुमच्या पेटीला लागणार आहे का?
– मिळणारा आयपी सार्वजनिक, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा, असतो का? नसेल तर स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे किती?

शेवटचा प्रश्न ज्यांच्या घरी किंवा दुकानात सीसीटीव्ही आहे त्यांच्यासाठी. सध्या बऱ्याच कंपन्या एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटून देतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही त्या वाटणीत आहात. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी घरातल्या उपकरणाकडे वळवायचं सेटिंग) कितीही केलं तरी बाहेरून डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी) उघडणार नाही, आणि त्यात राउटरचा दोष नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड ॲप वापरा, नाहीतर स्टॅटिक आयपी घ्या.

३. ओएनटी स्वतः घ्यायची वेळ आली तर

बीएसएनएलच्या फायबरवर आणि अनेक स्थानिक कंपन्यांकडे ग्राहकाला स्वतःची ओएनटी घेता येते. इथे चुका सगळ्यात जास्त होतात, म्हणून जरा थांबू.

घरगुती फायबरच्या मुख्य दोन जाती आहेत, जीपॉन आणि ईपॉन. जीपॉनवर खाली येणारा वेग एकूण सुमारे २.५ गीगाबिट आणि वर जाणारा १.२५, आणि तो एका स्प्लिटरवरच्या (एका फायबरचे अनेक फाटे करणारी डबी) ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ईपॉनवर दोन्हीकडे सव्वा गीगाबिट. एका जातीची ओएनटी दुसरीवर चालत नाही. ‘एक्सपॉन’ लिहिलेली दोन्हीवर चालते. मोठ्या कंपन्यांचं जाळं बहुतेक जीपॉन असतं, छोट्या केबलवाल्यांकडे दोन्ही सापडतात. विचारल्याशिवाय घेऊ नका.

दुसरं, ओएनटी लावली की आपोआप चालू होत नाही. जीपॉनमध्ये तिचा सीरियल नंबर कंपनीच्या मशीनवर नोंदवावा लागतो. हा नंबर पेटीच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, आधी चार अक्षरं आणि मग आठ आकडे-अक्षरं. ईपॉनमध्ये मॅक नंबर नोंदवतात. त्या स्टिकरचा स्वच्छ फोटो काढून पाठवा. फोनवर ‘बी की डी’ करत बसलात तर एक अक्षर चुकतं आणि दोन दिवस जातात.

तिसरा सापळा पोर्टांचा. ‘१ जीई + ३ एफई’ असं लिहिलेलं असेल तर चारपैकी एकच पोर्ट गीगाबिट आहे, बाकी तीन १०० चे. तुमचा राउटर त्या एका पोर्टला लागला पाहिजे. पुष्कळ घरांत तो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पोर्टला असतो आणि माणूस कंपनीशी भांडत बसतो.

स्वतःचा राउटर ठेवणार असाल तर एक पोर्टाची, वायफाय नसलेली साधी ओएनटी पुरते. कमी तापते आणि तिच्यात बिघडण्यासारखंही थोडंच असतं. लँडलाइन हवी असेल तर मात्र फोनचं पोर्ट असलेलीच घ्यावी लागेल. फायबरवर फोनचा आवाजही इंटरनेटसारखाच डेटा होऊन येतो आणि फोन ओएनटीलाच जोडावा लागतो.

४. राउटरमध्ये काय बघायचं

पोर्ट गीगाबिट हवेत. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, हे बघा. स्वस्त राउटरच्या खोक्यावर वायफायचा वेग ठळक छापतात, १२०० नाहीतर १५००, आणि पोर्टचा वेग मागच्या बाजूला बारीक अक्षरात. तिथे १०/१०० असेल तर वॅनमधून जास्तीत जास्त ९४ एमबीपीएसच्या आसपास येणार, मग प्लॅन २०० चा असो की ५०० चा. १०/१००/१००० असं हवं. टीपी-लिंकचे आर्चर सी२० आणि सी५० हे ड्युअल बँड (२.४ आणि ५ गीगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारे) असूनही त्यांचे पोर्ट १०० चेच आहेत. १०० पर्यंतच्या प्लॅनला हे राउटर ठीक आहेत, त्यापुढे नाहीत.

ड्युअल बँड हवा. २.४ गीगाहर्ट्झ भिंतीपलीकडे जातो, पण मुंबईच्या एखाद्या चाळीत किंवा दाट सोसायटीत फोनवर वीस-पंचवीस शेजाऱ्यांची नावं दिसतात आणि ते सगळे एकाच अरुंद रस्त्यावर असतात. या बँडमध्ये एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ५ गीगाहर्ट्झवर जागा मोकळी, वेग जास्त, पण दोन भिंती झाल्या की दमतो. एकट्या २.४ चा राउटर आता कोणी फुकट दिला तरी मुख्य म्हणून लावू नका.

वायफाय ५ की ६? नवीन घेत असाल तर ६. खोक्यावर ‘एएक्स’ म्हणजे वायफाय ६, ‘एसी’ म्हणजे वायफाय ५. ‘एएक्स १५००’ म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर १२०१ यांची बेरीज. कुठलाही एक फोन १५०० घेत नाही. या आकड्यांच्या साधारण निम्मं ते साठ टक्के प्रत्यक्षात मिळतं, तेही त्याच खोलीत. २०० ते ३०० च्या प्लॅनला एएक्स १५०० पुरतो. एएक्स ३००० चा फायदा ५०० च्या पुढच्या प्लॅनला किंवा घरात वीसेक उपकरणं असली तर. जुन्या एसी १२०० राउटरला गीगाबिट पोर्ट असतील आणि प्लॅन १०० चा असेल, तर तोच चालवा. नव्याची गरज नाही.

पीपीपीओई, डीएचसीपी, स्टॅटिक आणि व्हीलॅन टॅगिंग (एकाच तारेवरची इंटरनेट, फोन, टीव्हीची वाहतूक वेगळी ओळखायची खूण) ही चारही सेटिंग असायला हवीत. पहिली तीन जवळजवळ सगळ्यांत असतात. व्हीलॅन काहींत ‘आयपीटीव्ही’ नावाच्या पानात लपलेलं असतं. आज लागणार नाही, पुढच्या कंपनीकडे लागू शकतं. ॲक्सेस पॉइंट मोड (राउटर फक्त वायफाय देतो) आणि मॅक क्लोन (दुसऱ्या राउटरचा मॅक नंबर लावणं) हेही बघून घ्या. का ते पुढे येईलच.

अँटेना मोजू नका. राउटरने किती ताकदीने प्रक्षेपण करायचं यावर सरकारी मर्यादा आहे, सहा अँटेना लावून ती वाढत नाही. ‘गेमिंग’ लिहिलेल्या लाल दिव्यांचे पैसेही वाचवा.

५. घर मोठं असेल तर

वन बीएचके, टू बीएचके फ्लॅटला मधल्या जागी ठेवलेला एक राउटर पुरतो. अडचण जाड भिंतींची. कोकणातलं जांभ्याचं घर, पेठेतला जुना वाडा, दीड-दोन फुटी दगडी भिंत असली तर पलीकडच्या खोलीत ५ गीगाहर्ट्झ पोचतच नाही. तिथे आणखी महाग राउटर घेऊन उपयोग नाही, दुसरं उपकरण लागतं.

त्यात उत्तम म्हणजे लॅन केबल ओढून पलीकडे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणं. जुना राउटर इथे कामाला येतो. त्यानंतर मेश (एकाच नावाचं वायफाय देणाऱ्या दोन-तीन पेट्यांचा संच), आणि मेशलाही केबल जोडता आली तर जोडाच. दोन बँडचं मेश हवेतूनच जोडलं तर दुसऱ्या टोकाला वेग निम्म्यावर येतो, कारण तेच रेडिओ तुमच्याशीही बोलतात आणि पहिल्या पेटीशीही. सॉकेटमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर शेवटचा पर्याय, आणि तोही जिथे सिग्नल नाही तिथे न लावता जिथपर्यंत चांगला येतो तिथे लावायचा.

राउटर टीव्हीच्या युनिटच्या बंद कप्प्यात, फ्रिजमागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका. लाइन जोडणारा वायर वाचवायला दाराजवळच पेटी ठोकतो. त्याला आधीच जागा दाखवा, दहा मीटर फायबर जास्त लागलं तर लागू दे.

६. बदलाच्या दिवसाआधी हे जवळ ठेवा

– नवीन कंपनीचं युजरनेम, पासवर्ड, ग्राहक क्रमांक, कागदावर लिहून. त्या दिवशी इंटरनेट नसणार आणि ईमेल उघडणार नाही
– ओळख आणि पत्त्याचा पुरावा. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार
– सोसायटीची परवानगी, डक्टची किंवा गच्चीची किल्ली कोणाकडे आहे त्याचा नंबर
– कॅट ५ई ची दीड-दोन मीटरची चांगली लॅन केबल. घरापुरत्या अंतराला गीगाबिटसाठी एवढी पुरे, कॅट ८ च्या सोनेरी टोकांची गरज नाही
– लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप, नसेल तर यूएसबीचं लॅन कन्व्हर्टर
– सिम काढायची असते तसली पिन, रीसेटसाठी
– जुन्या राउटरच्या सेटिंगच्या पानांचे फोटो: वॅन, वायफाय, पोर्ट फॉरवर्डिंग

जुनी लाइन लगेच तोडू नका. तीन-चार दिवस दोन्ही चालू राहतील अशी तारीख धरा. नवीन लाइनची खरी परीक्षा रात्री ९ ते ११ मध्ये होते. दुपारी बारा वाजता लाइन जोडायला आलेल्या मुलाने दाखवलेली स्पीड टेस्ट फार मनावर घेऊ नका.

७. जोडणी, क्रमाने

क. माणूस फायबर जोडतो तेव्हा त्याच्याकडच्या मीटरवरचा आकडा बघा आणि लिहून ठेवा. तो उणे डीबीएममध्ये (प्रकाशाच्या ताकदीचं माप) असतो. जीपॉनची ओएनटी साधारण उणे ८ ते उणे २७ पर्यंत काम करते. उणे १५ ते उणे २४ मध्ये असेल तर निश्चिंत. उणे २६ दिसत असेल तर आज चालेल, पण पावसात सांध्यात दमट हवा शिरली की लाइन पडायला लागेल. जॉइंट पुन्हा मारून घ्या, तो तिथे असतानाच. तीन डीबी कमी म्हणजे प्रकाश निम्मा.

ख. हिरव्या कनेक्टरचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवं निळ्यात बसतं, लाइटही येतो, पण बराचसा प्रकाश वाया जातो. रंग जुळवा. फायबर दाराच्या बिजागरीत दाबू नका, तीन सेंटीमीटरपेक्षा लहान वळसा देऊ नका. उघड्या टोकात डोळा लावून बघू नका. तो लेझर दिसत नाही, पण असतो.

ग. ओएनटी चालू करा. ‘पॉन’ दिवा स्थिर हिरवा हवा. पॉन लुकलुकत असेल तर नोंदणी झालेली नाही. ‘लॉस’ लाल असेल तर प्रकाशच येत नाही.

घ. आधी लॅपटॉप थेट ओएनटीला लावून वेग तपासा. इथे पूर्ण वेग आला तर पुढचं जे काही बिघडेल ते तुमच्या राउटरच्या बाजूचं. हा टप्पा गाळला की नंतर कंपनी राउटरकडे बोट दाखवते आणि तुम्ही कंपनीकडे. मात्र ओएनटी ब्रिजमध्ये असेल आणि लॉगिन पीपीपीओई असेल, तर आधी लॅपटॉपवर ब्रॉडबँड डायलर करून युजरनेम-पासवर्ड टाकावा लागेल.

ङ. आता राउटर. ओएनटीच्या गीगाबिट पोर्टातून केबल राउटरच्या वॅन पोर्टला. वॅन बहुतेक वेगळ्या रंगाचा असतो, निळा किंवा पिवळा. लॅनला लावलीत तर वायफाय दिसेल, इंटरनेट नाही.

च. इथे दोन वाटा फुटतात.

कंपनी ब्रिज करून देत असेल तर ओएनटी नुसती तार बनते. लॉगिन तुमच्या राउटरमध्ये टाकायचं, पीपीपीओई निवडायचं. युजरनेममध्ये ॲटच्या खुणेपुढचा भागही असतो, तो गाळू नका. एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याचं माप) १४९२ ठेवा. काही मोजक्या साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असं झालं तर बहुतेक वेळा हाच आकडा चुकलेला असतो.

कंपनी पेटी कुलूपबंद देत असेल, म्हणजे ओएनटी आणि राउटर एकच आणि लँडलाइन-टीव्हीही त्यालाच, तर ब्रिजचा नाद सोडा. तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका आणि कंपनीच्या पेटीचं वायफाय बंद करा. पत्ते वाटायचं काम ती पेटी करेल, वायफायचं काम तुमचा राउटर. राउटर मोडमध्येही ब्राउझिंग चालतं, पण मग घरात दोन जाळी होतात. टीव्ही एकावर, फोन दुसऱ्यावर, आणि फोनवरचं टीव्हीवर टाकायचं बटणच दिसत नाही.

छ. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुन्या राउटरचाच द्या, अक्षरन् अक्षर, लहान-मोठ्या अक्षरांसह. सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा किंवा २ आणि ३ चं मिश्र. नुसतं ३ ठेवलंत तर जुना प्रिंटर आणि स्मार्ट प्लग रुसतात. एवढं केलं की घरातलं एकही उपकरण पुन्हा जोडावं लागत नाही.

ज. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडायची सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग बदलायची सोय) बंद करा.

८. बिघडलं तर

*वेग ९३-९४ वर अडकलाय.* १०० चं पोर्ट नाहीतर वायर. गीगाबिटला आठही तारा लागतात. स्थानिक केबलवाले पुष्कळदा चारच तारांवर क्लिप मारतात, किंवा आठांतली एक तुटलेली असते. मग दोन्ही बाजूंचे पोर्ट गीगाबिट असूनही जोड १०० वर ठरतो. क्लिप उजेडात धरून बघा, आठ रंग टोकापर्यंत पोचलेले दिसले पाहिजेत.

*जुन्या राउटरवर चालतं, नव्यावर नाही.* मॅक बांधलेला आहे. कंपनीला फोन करून नवा नोंदवा, नाहीतर राउटरमध्ये मॅक क्लोन करून जुन्याचा नंबर टाका. त्यानंतर ते दोन्ही राउटर एकाच जाळ्यात एकत्र वापरू नका.

*पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन नाकारतं.* जुन्या पेटीचं सेशन कंपनीच्या बाजूला अडकलेलं असतं. दहा मिनिटं सगळं बंद ठेवा. तरीही नाही तर कंपनीला ‘सेशन क्लिअर करा’ म्हणा, एवढेच शब्द पुरतात.

*इंटरनेट येतं-जातं, राउटरचं पान उघडलं की कंपनीच्या पेटीचं दिसतं.* दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ आहे. तुमच्या राउटरचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ करा.

*ओएनटीचा रीसेट दाबला आणि सगळं गेलं.* हा सगळ्यात महाग सापळा. त्या बारीक भोकात पिन घातली की व्हीलॅन, लॉगिन, फोनची सेटिंग सगळी पुसली जाते आणि ती परत भरायला कंपनीचाच माणूस लागतो, तोही शनिवारी-रविवारी येत नाही. पिन घालायची ती स्वतःच्या राउटरमध्ये. ओएनटीला फक्त बंद-चालू करायचं.

*वीज कडाडली आणि वॅन पोर्ट मेला.* उघड्यावरून येणारी तांब्याची लॅन केबल वीज आत आणते. अशा लाइनवर जोराचा पाऊस असताना केबल राउटरमधून काढून ठेवणं हाच उपाय, नुसतं बटण बंद करून भागत नाही. फायबरची काच वीज वाहत नाही, पण बाहेरच्या ड्रॉप केबलला आधाराची लोखंडी तार असते. ती घराबाहेरच कापलेली असावी, ओएनटीपर्यंत आत आणलेली नको.

९. वीज गेल्यावरही चालायला हवं असेल तर

राउटर आणि ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी दोन्हींच्या ॲडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा बघा. काही छोटे राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिलेत तर जळू शकतात. पिनही तपासा. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर सारखाच, पण आतलं भोक २.१ आणि २.५ अशा दोन मापांचं येतं. चुकीचं बसल्यासारखं वाटतं आणि हलवलं की राउटर बंद पडतो.

किती वेळ चालेल? समजा आत २,६०० एमएएचचे चार सेल आहेत. खोक्यावर १०,४०० एमएएच छापलेलं असेल, पण ते ३.७ व्होल्टवरचं. ३.७ × २.६ × ४ म्हणजे सुमारे ३८ वॅट-तास. १२ व्होल्टवर चढवताना वीसेक टक्के जातात, उरतात ३०-३१. ओएनटी आणि राउटर मिळून १२ वॅट घेत असतील तर अडीच तास. दुरुस्तीसाठी वीज दिवसभर गेली तर त्याला हे पुरणार नाही, तासाभराच्या जाण्या-येण्याला पुरतं.

फायबरवर जिन्यातल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे तुमच्याकडे आणि कंपनीच्या टोकाला वीज असली की लाइन चालते. लॅन केबलची लाइन असेल तर गच्चीवरच्या स्विचलाही बॅकअप हवा. तो नसेल तर घरातल्या यूपीएसवर खर्च करू नका.

१०. जुनी पेटी परत करताना

अनामत बुडते ती बहुतेक इथे. लाइन बंद करण्याची विनंती ॲपवरून किंवा ईमेलने करा, नुसती फोनवर नको, आणि तक्रार क्रमांक जपा. पेटी, ॲडॅप्टर, रिमोट, सेट-टॉप बॉक्स सगळं एकत्र ठेवून, सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढा. न्यायला आलेल्या माणसाकडून पावती घ्या आणि तिच्यावर तो सीरियल नंबर लिहिलेला असल्याची खात्री करा. ॲडॅप्टर बदलून द्यायची चूक सहज होते, सगळे काळे आणि सारखेच दिसतात. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकावर पांढरी पट्टी चिकटवून नाव लिहून ठेवा: ‘ओएनटी – कंपनीचा’, ‘राउटर – आपला’.